याचा त्याच्याशी काय संबंध? असंबद्ध बोलणं ओळखायचं कसं, आणि कधी सोडून द्यायचं

रात्री कुठलंही न्यूज चॅनल लावा. अँकर विचारतो की दोन वर्षं झाली तरी या रस्त्याचं काम का पूर्ण झालं नाही, आणि समोरचे प्रवक्ते म्हणतात, "आमचा कार्यकर्ता रात्रंदिवस जनतेत असतो, आणि हा प्रश्न तुम्ही आधीच्या सरकारला विचारला होता का?" आता बघा, दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. कार्यकर्ते फिरत असतील, अँकरनं तेव्हा विचारलंही नसेल. पण रस्ता का झाला नाही हे काही कळलं नाही, आणि पाच मिनिटांनी बघणाऱ्यांच्याही लक्षात राहत नाही की मूळ प्रश्न रस्त्याचा होता.

हेच सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतं. कुणीतरी विचारतं, लिफ्टच्या मेंटेनन्सचे पैसे कुठे गेले, आणि उत्तर येतं, "मी पहिल्या दिवसापासून या बिल्डिंगमध्ये राहतोय, गणपतीची वर्गणी सगळ्यात आधी माझी असते." सगळे गप्प बसतात कारण वर्गणीचं खरंच आहे, आणि लिफ्टचा विषय पुढच्या मीटिंगवर जातो.

तर्कशास्त्रात याला नॉन सेक्विटर म्हणतात. लॅटिन नाव आहे, अर्थ एवढाच की हे त्याच्यामागून येत नाही. म्हणजे आधी जे बोललं गेलं त्यातून पुढचं निघतच नाही, तरी ते निघाल्यासारखं मांडलंय. इथून पुढे मी त्याला सरळ असंबद्ध बोलणं म्हणणारे.

मला या विषयाची काळजी दोन्ही बाजूंनी वाटते. अशा वाक्यांनी लोकांचे पैसे जातात, चुकीची औषधं घेतली जातात, लग्नं ठरतात. आणि दुसरीकडे, ज्याचं बोलणं आपल्याला जोडता आलं नाही अशा चांगल्या माणसाला आपण पटकन "काहीही बोलतो" म्हणून गप्प करतो. दोन्हीवर उपाय एकच आहे, आणि तो शिकायला तर्कशास्त्राचं पुस्तक लागत नाही.

मधलं वाक्य शोधायचं

"आभाळ भरून आलंय, छत्री घे." या दोन वाक्यांच्या मध्ये एक वाक्य आहे जे कुणी बोललं नाही, ते म्हणजे आभाळ भरून आलं की बऱ्याचदा पाऊस पडतो. आपण ते बोलत नाही कारण समोरच्याला माहीत असतं. असं प्रत्येक "म्हणून"च्या आत एक न बोललेलं वाक्य असतं, आणि सगळंच बोलायचं ठरवलं तर साधा फोनसुद्धा तासभर चालेल.

फास्ट लोकल दादर सोडल्यावर माटुंगा, सायनला थांबत नाही, पण रूळ तिथूनच जातात, आणि कुणाला खात्री करायची असेल तर स्लो लोकल पकडून एकेक स्टेशन बघत जाता येतं. चांगलं बोलणं असंच असतं, मधली स्टेशनं वगळलेली असतात पण विचारलं तर दाखवता येतात. असंबद्ध बोलण्यात मध्ये रूळच नसतात. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा सारखंच वाटतं, कारण दोन्ही वेळा मधलं काही दिसत नाही.

म्हणून मधलं वाक्य स्वतः तयार करायचं आणि मोठ्यानं म्हणून बघायचं. लग्नाच्या बोलणीत ऐकू येतं, "मुलगा निर्व्यसनी आहे, सरकारी नोकरी आहे, मुलगी सुखात राहील." मधलं वाक्य काय, तर निर्व्यसनी आणि सरकारी नोकरी असलेला माणूस बायकोला सुखात ठेवतोच. हे असं पूर्ण वाक्य बैठकीत म्हणून बघा, प्रत्येकाला नात्यातलं एखादं घर आठवेल जिथे तसं झालेलं नाही. पगार वेळेवर येईल हे त्यातून निघतं. त्याचा राग कसा आहे, तिला नोकरी करू देणारेत का, घरात तिच्या शब्दाला किंमत असेल का, यातलं काहीच निघत नाही, ते वेगळं विचारावं लागतं आणि नेमकं तेच विचारायचं राहून जातं.

किंवा ते नेहमीचं, "हे औषध नैसर्गिक आहे, त्यामुळे साइड इफेक्ट नाही." मधलं वाक्य असं की जे नैसर्गिक ते अपाय करत नाही. धोतरा नैसर्गिक आहे, कंपाउंडला लावलेली कण्हेर नैसर्गिक आहे, आणि कण्हेरीतली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, माणूस दगावू शकतो. ते औषध चांगलं असेलही, पण त्याचं कारण वेगळं द्यावं लागेल.

कधी कधी मधलं वाक्य खरं असतं पण उलटं वापरलेलं असतं. पाऊस पडला की रस्ता ओला होतो, रस्ता ओला आहे, म्हणजे पाऊस पडला. पण पाण्याचा टँकर गळत गेला असेल, पाइपलाइन फुटली असेल. ही चूक फार ठिकाणी सापडते. डेंग्यूत ताप येतो, मला ताप आहे, म्हणजे डेंग्यू. चोर असता तर तो घाबरला असता, तो घाबरलाय, म्हणजे चोर तोच. गावातल्या गरीब पोराला या शेवटच्या वाक्यावर मार बसलेला असतो.

आणि एक गोष्ट जी बऱ्याच जणांना गोंधळात टाकते, ती म्हणजे शेवटचं वाक्य खरं असलं तरी बोलणं असंबद्ध असू शकतं. पुणं महाराष्ट्रात आहे, महाराष्ट्रात सह्याद्री आहे, म्हणून पुण्यातून मुठा वाहते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण तिसरी पहिल्या दोघींतून निघत नाही. गोष्ट खरी आहे का हा एक प्रश्न, आणि ती यातून निघते का हा दुसरा. हे दोन वेगळे ठेवता आले की अर्धं काम झालं.

"कारण" ऐकलं की मन हो म्हणतं

१९७८ साली मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. न्यूयॉर्कमध्ये कॉपी मशीनपाशी आलेल्या लोकांना विचारायचं, मला आधी मशीन वापरू द्याल का. नुसतं विचारलं तेव्हा छोट्या मागणीला ६० टक्के लोक हो म्हणाले. "कारण मला घाई आहे" असं जोडलं तेव्हा ९४ टक्के. आणि "कारण मला कॉपी काढायच्या आहेत" असं म्हटलं तेव्हा ९३ टक्के. आता कॉपी मशीनवर कॉपी काढायलाच येतात, त्यात नवीन कारण काहीच नाही, पण "कारण" हा शब्द होता आणि बऱ्याच जणांना तेवढा पुरला.

मागणी मोठी केली, म्हणजे जास्त पानं, तेव्हा मात्र पोकळ कारणाला २४ टक्केच हो म्हणाले, काहीच कारण न देण्याइतकेच, आणि खऱ्या कारणाला ४२ टक्के. प्रयोग लहान होता, पण मला त्यातली ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. लोक मूर्ख नसतात. छोट्या गोष्टीत ते तपासत बसत नाहीत, आणि मोठ्या गोष्टीत आपोआप थांबून बघतात.

मग मोठ्या गोष्टीतही लोक कसे फसतात? तिथे त्यांना थांबूच दिलं जात नाही. गेल्या काही वर्षांत "डिजिटल अरेस्ट" नावाची जी फसवणूक चाललीय ती बघा. फोन येतो, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज सापडलीत. मग व्हिडिओ कॉलवर युनिफॉर्ममधला माणूस, मागे ऑफिससारखा देखावा, आणि एकामागून एक वाक्यं येतात की तुमचं आधार वापरलं गेलंय, म्हणून तुम्ही संशयित, म्हणून हा कॉल बंद करायचा नाही, म्हणून घरच्यांना सांगायचं नाही, म्हणून खात्यातले पैसे तपासणीसाठी या खात्यावर टाका, चौकशी झाली की परत मिळतील.

यातली एकेक जोड सुटी करून बघा. पार्सलवर माझं नाव आहे म्हणून मी व्हिडिओ कॉलवर अटकेत, यातलं मधलं वाक्य असं की पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करू शकतात. आपल्या कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात हेच लोकांना सांगितलं होतं. पैसे तपासायला टाका, यातलं मधलं वाक्य असं की पोलीस चौकशीसाठी माणसाची जमापुंजी दुसऱ्याच्या खात्यावर मागवतात. तेही होत नाही. चहा पीत बसलेल्या माणसाला हे लगेच कळतं, पण ज्याला दोन तास फोनवर धमकावलंय, ज्याला बायकोशीसुद्धा बोलायची बंदी केलीय, त्याला मधलं वाक्य शोधायला जागाच ठेवलेली नसते. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक यात अडकलेत, त्यामुळे "शिकलेले असून कसे फसले" हा प्रश्नच चुकीचा आहे. शिकलेला माणूस घाबरत नाही, असं त्याच्यामागचं मधलं वाक्य आहे आणि ते खोटं आहे. असा फोन आला तर कट करायचा, घरात कुणाला तरी सांगायचं, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कॉल करायचा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

न्यायसूत्रांतला वाद, आणि आजचा चॅनलवरचा वाद

हे काही परदेशातून आलेलं नवीन खूळ नाही. आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतमांची न्यायसूत्रं, त्यांत वादात माणूस कुठे हरला असं धरायचं त्याच्या २२ जागा दिल्यात, त्यांना निग्रहस्थान म्हणतात. त्यातली एक आहे अर्थान्तर, म्हणजे चालू विषय सोडून भलतंच बोलणं. भाष्यकार वात्स्यायनांनी दिलेलं उदाहरण फार सुंदर आहे. एक जण सिद्ध करायला निघतो की शब्द नित्य, म्हणजे कधी नाश न पावणारा, आहे, त्यासाठी एक हेतू, म्हणजे कारण, सांगतो, आणि मग सुरू करतो की "हेतू" हा शब्द हि धातूपासून तुन् प्रत्यय लागून तयार होतो, आणि पद म्हणजे काय, नाम म्हणजे काय, असं सगळं व्याकरण. व्याकरण बरोबर आहे, विद्वत्ता दिसतेय, पण शब्द नित्य आहे का ते तिथेच राहिलं, म्हणून हा माणूस हरला.

दुसरी जागा अपार्थक, जिथे शब्दांचा एकमेकांशीच मेळ नसतो. त्याचं उदाहरण पतंजलींच्या महाभाष्यातही, म्हणजे व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथातही आहे, दहा डाळिंबं, सहा अपूप (एक गोड पदार्थ), कुंड, शेळीचं कातडं, अशी नुसती रांग. प्रत्येक शब्दाला अर्थ आहे, रांगेला नाही.

पण आजच्या डिबेटसाठी सगळ्यात उपयोगी आहे ती मतानुज्ञा. आपल्यावरचा दोष न काढता "तुझ्यातही तोच दोष आहे" असं म्हणणं. एकानं म्हटलं तू चोर, दुसरा म्हणाला तूही चोर. न्यायवाल्यांच्या हिशोबानं इथे दुसरा हरतो, कारण "तूही" म्हणताना त्यानं स्वतःवरचा आरोप नाकारला नाही, मान्य केल्यासारखंच झालं. हा नियम चॅनलवर लागू केला तर निम्मे प्रवक्ते दुसऱ्या मिनिटाला बाद होतील, आणि मला मनापासून वाटतं की अँकर लोकांनी तो लावावा.

कोर्टातही हाच विचार आहे. १८७२चा पुरावा कायदा आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेला भारतीय साक्ष्य अधिनियम, दोन्हींचा पाया असा की वादातल्या मुद्द्याशी कायद्यानं मान्य केलेला संबंध असेल तेवढ्याच गोष्टींचा पुरावा द्यायचा. दिवाणी दाव्यात "माझं चारित्र्य चांगलं आहे, म्हणून मी असं केलं नसणार" हे साधारणपणे चालत नाही. म्हणजे लिफ्टचा हिशोब मागितल्यावर गणपतीची वर्गणी सांगणारे काका तिथेही अडकतील.

"पण समोरचाही चोरच असेल तर?"

हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. समोरचाही चोर असेल तर चोर दोन झाले, एक कमी झाला नाही. त्याची चौकशी वेगळी करावी, जरूर करावी.

मात्र एका ठिकाणी "त्याचं काय" हा प्रश्न अगदी बरोबर असतो. समजा रस्त्यावर दहा टपऱ्या आहेत आणि महापालिकेची गाडी येऊन एकच उचलते. तो टपरीवाला म्हणतो, बाकीच्या नऊ का नाही उचलल्या? हे असंबद्ध नाही. तो माझी टपरी कायदेशीर आहे असं म्हणत असेल तर ते यातून निघत नाही. पण माझ्यावर भेदभाव होतोय असं म्हणत असेल तर नऊ टपऱ्यांचा मुद्दा थेट लागतो. एकच वाक्य एका प्रश्नाला असंबद्ध आणि दुसऱ्या प्रश्नाला नेमकं असू शकतं, म्हणून आधी विचारायचं की आत्ता प्रश्न कुठला चाललाय. गरीब माणसाचं "त्याचं काय" आणि सत्तेतल्या माणसाचं "त्याचं काय" कानाला सारखंच लागतं, पण दोन्हींतली मधली वाक्यं लिहून काढली की फरक स्पष्ट दिसतो.

असंबद्ध वाटतं ते सगळं असंबद्ध नसतं

आता दुसरी बाजू. गावात मित्र विचारतो, "उद्या रात्री सिनेमाला येतोस का?" आणि उत्तर येतं, "या आठवड्यात रात्रीची लाइट आहे." पुण्यातून आलेला पाहुणा बघतच राहतो, लाइटचा आणि सिनेमाचा काय संबंध? पण गावातल्या प्रत्येकाला कळलेलं असतं. शेतीपंपाची थ्री फेज लाइट बऱ्याच भागात आठवडा आठवडा पाळीनं दिवसा आणि रात्री येते, रात्रीची पाळी असली की रात्रीच उठून पिकाला पाणी द्यावं लागतं, म्हणजे हा येऊ शकत नाही. तीन मधली वाक्यं वगळलीत आणि तिन्ही खरी आहेत. पाहुण्याकडे ती नव्हती, इतकंच.

ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी यावरच विचार केला. १९६७ साली त्यांनी हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली, त्यातला महत्त्वाचा भाग १९७५ साली छापून आला. त्यांचं म्हणणं साधं होतं. बोलताना आपण धरून चालतो की समोरचा सहकार्यानं, विषयाला धरून बोलतोय, त्यामुळे त्याचं उत्तर विषयाबाहेरचं वाटलं की आपण आपोआप मधली जोड शोधायला लागतो, आणि बोलणाऱ्याला खरं सांगायचं असतं ते नेमकं तिथे असतं. त्यांचं एक उदाहरण चहापानाचं आहे. चारचौघांत एक जण कुणा बाईंबद्दल वाईट बोलतो, सगळे अवघडतात, आणि दुसरा म्हणतो, "यंदा उन्हाळा छान आहे, नाही?" हवेचा काही संबंध नाही, आणि संबंध नाही म्हणूनच कळतं की हा विषय बंद कर.

आपल्याकडे तर हे पदोपदी चालतं. पोहे खाऊन मुलीकडचे घरी आले, कुणी विचारलं स्थळ कसं वाटलं, आणि आई म्हणाली, "घर छान आहे हो, अंगण केवढं मोठं." मुलाबद्दल शब्द नाही. सगळ्यांना उत्तर मिळालं आणि कुणाचा अपमान झाला नाही. रात्री पाहुणे उठत नाहीत तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतं, "तुम्हाला सकाळी लवकर निघायचंय ना?" यालाही तसंच समजायचं.

पण ही पद्धत सगळ्यांना सारखी सोपी नसते. नवीन सून, दुसऱ्या राज्यातून आलेला सहकारी, लहान मुलं, यांच्याकडे ती मधली वाक्यं नसतात. काही माणसं शब्दांचा सरळ अर्थच धरतात, त्यांना आडून सांगितलेलं कळत नाही, आणि आपण त्यांना मंद ठरवतो. त्यांना सरळ सांगावं, त्यात काही कमीपणा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर चेहरा आणि आवाज दोन्ही नसतात, तिथे आडून बोललेलं चुकीचं जोडलं जाण्याची शक्यता फारच वाढते.

मुद्दाम तोडलेलं बोलणं

"हिमालयावर बर्फाच्या राशी, अमुकरावांचं नाव घेते हळदीकुंकवाच्या दिवशी." बर्फाचा हळदीकुंकवाशी काय संबंध? यमकाचा. उखाण्याची पहिली ओळ बऱ्याचदा फक्त यमकासाठी असते, आणि ते सगळ्यांना मान्य असतं. नवऱ्याचं नाव सरळ घ्यायचं नाही अशी रीत होती, तेव्हा बायकांनी याच तुटक ओळींच्या आडून नाव घ्यायची वाट काढली, मला त्यात मोठी हुशारी दिसते. तमाशात गण, गवळण झाली की बतावणी येते, तिथे सोंगाड्या प्रत्येक प्रश्नाला भलत्याच टोकाचं उत्तर देतो, आणि त्या भलत्या उत्तरातून पाटलाला, सावकाराला, सरकारला जे बोलायचं ते बोलून घेतो. इथे कुणाला फसवायचं नसतं, तुटलेलं आहे हे सगळ्यांना दिसत असतं.

यमकाचं एक सांभाळायला मात्र हवं. मॅकग्लोन आणि तोफिघबख्श या संशोधकांनी २००० साली दाखवलं की त्याच अर्थाचं वाक्य यमकात असलं की लोकांना ते जास्त खरं वाटतं, आणि यमक वेगळं ठेवून नुसता अर्थ बघा असं आधी सांगितलं की तो परिणाम कमी होतो. निवडणुकीतल्या घोषणा यमकात का असतात ते यावरून कळावं. घोषणा एकदा साध्या वाक्यात लिहून बघावी, मग मत ठरवावं.

"इतकं लॉजिक लावलं तर घरात बोलणं बंद होईल"

बरोबर आहे, आणि म्हणूनच सगळीकडे लावायचं नाही. गप्पा उड्या मारतच चालतात, भाजीवरून मावशीचं ऑपरेशन आणि तिथून दिवाळीची सुट्टी, आणि तसंच असावं. मधलं वाक्य तेव्हाच शोधायचं जेव्हा समोरचा आपल्याकडून काहीतरी मागतोय, पैसे, मत, होकार, औषधावर विश्वास, किंवा कुणाला दोषी ठरवायला मदत.

विचारायची पद्धतही महत्त्वाची. "तुम्ही असंबद्ध बोलताय" म्हटलं की बोलणं संपलं. "म्हणजे कसं, जरा जोडून सांगा ना" म्हटलं तर माणूस स्वतःच मधलं वाक्य शोधतो, आणि कधी कधी खरंच चांगलं सापडतं जे आपल्या डोक्यात आलं नव्हतं. वडीलधाऱ्यांना, "काका, वर्गणीचं खरंच कौतुक आहे, लिफ्टचं तेवढं बिल बघूया का?" एवढं पुरतं.

आणि कुणाचा मुद्दा असंबद्ध निघाला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. "हेल्मेट घाल, लोक काय म्हणतील" हे कारण कच्चं आहे, हेल्मेट घालणं बरोबरच आहे.

"मग आजोबांचा अनुभव खोटा का?" हाही नेहमीचा आक्षेप. आजोबा रोज विडी ओढायचे आणि नव्वद वर्षं जगले, अनुभव शंभर टक्के खरा. पण त्यातून विडी सुरक्षित आहे हे निघत नाही, कारण जे विडीमुळे पन्नाशीत गेले ते आपला अनुभव सांगायला राहिलेच नाहीत. तंबाखू न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांचा जीव तंबाखूच घेते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजोबा उरलेल्या लोकांत होते, आणि आपण कुठल्या लोकांत असू ते आधी कळत नाही.

घरातलं माणूस अचानक असं बोलायला लागलं तर

इथे मात्र वरचं सगळं बाजूला ठेवायचं. काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणारी आजी आज दुपारी अचानक तुटक, संदर्भ नसलेलं बोलायला लागली, माणसं ओळखेना, मध्येच झोपाळते, रात्री जास्त होतं, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. डॉक्टर याला डिलिरिअम म्हणतात, आणि त्याच्यामागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम कमी होणं, शरीरातलं पाणी कमी होणं, नवीन सुरू केलेली झोपेची गोळी असं काहीही असू शकतं. यातलं बरंचसं वेळेवर कळलं तर बरं होतं. डायबेटिसचा पेशंट असेल तर आधी शुगर बघा, ती खूप कमी झाली तरी माणूस बरळतो.

शब्द भराभर येतायत पण वाक्याला अर्थ नाही, आणि आपण बोललेलंही त्यांना कळत नाही, असं एकाएकी झालं तर स्ट्रोक असू शकतो. हातपाय नीट चालत असले तरीसुद्धा. मेंदूच्या ज्या भागामुळे भाषा समजते त्याला इजा झाली की असं होतं, कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ साली याचं वर्णन केलंय. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास माणूस शेवटचं नीट बोलताना दिसल्यापासून मोजतात, म्हणून ती वेळ लक्षात ठेवा, १०८ला फोन करा, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा.

तरुण मुलगा किंवा मुलगी काही आठवडे, महिने एका विषयावरून दुसऱ्यावर अशा उड्या मारत बोलतेय की घरच्यांना जोडच लागत नाही, झोप उडालीय, एकटं राहणं वाढलंय, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, बाहेरचं बघण्यात वेळ घालवू नका. १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं, कुठे जायचं तेही सांगतात.

आणि आजोबा बरेच दिवस प्रश्न एक आणि उत्तर दुसरंच असं करत असतील, पण स्वतःहून बोलताना एकदम व्यवस्थित बोलत असतील, तर आधी कान तपासून घ्या. नीट ऐकू न आल्यामुळे अंदाजानं उत्तर देणाऱ्या किती म्हाताऱ्या माणसांना घरात "भ्रमिष्ट झालेत" म्हटलं जातं, आणि पुष्कळदा काम कानातला मळ काढण्याचं किंवा श्रवणयंत्र लावण्याचं असतं.